तिसऱ्या पिस्टनचा आवाज

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार

आजपासून आमचं दशलक्षण पर्व. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पंडितजींनी सांगितलं की हे दहा दिवस रोज वहीत लिहा, आज आपल्या हातून काय चुकलं. दुसऱ्याचं नाही, आपलं. आणि उद्या तिऱ्हाइतानं वाचलं तरी समजेल इतकं स्वच्छ लिहा. बस्तीत दोनशे माणसं होती, पण आईनं वळून बघितलं ते माझ्याकडंच. आई म्हणजे आक्काताई, वय बहात्तर, नजर अजून शाबूत. घरी आल्यावर प्राचीनं, माझ्या बायकोनं, लेकीची अर्धी कोरी वही काढून माझ्या हातात ठेवली. दोघींचं आधीच ठरलेलं असणार.

तर तिऱ्हाइतासाठी: मी भरतेश. कुपवाडला इंजिनं बांधायचं गॅरेज आहे. कामाला मी आणि नाथाजी, दोघंच. नाथाजी कुंडलचा. सोळा वर्षं फौजेत गाड्याच दुरुस्त केल्या, माझ्याकडं येऊन नऊ वर्षं झाली. सध्या काम चालू आहे ते साताऱ्याच्या सुभेदार अर्जुनांच्या जुन्या डिझेल गाडीचं. सुभेदार म्हणजे नाथाजीचे फौजेतले उस्ताद, त्यांनीच त्याला पाना धरायला शिकवलं. गाडी बावीस वर्षांची झाली तरी विकणार नाही म्हणतात. "इंजन आमच्यात बांधा साहेब, माझा शब्द हाय," असं नाथाजीनं सांगितल्यावर ती आमच्याकडं आली.

इंजिनात चार पिस्टन. प्रत्येक पिस्टनचा रॉड खाली क्रँकला, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, दोन नटांनी धरलेला असतो, म्हणजे एकूण आठ नट. ते दोन फेऱ्यांत आवळायचे. पहिली फेरी साध्या पान्यानं, नट बसण्यापुरती. दुसरी टॉर्क पान्यानं, ठरलेला जोर भरला की तो कट्ट वाजतो तोपर्यंत. आमच्यात एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं मोठ्यानं त्या नटाचा आकडा म्हणून त्यावर पिवळा ठिपका लावायचा. ही पद्धत नाथाजीनं फौजेतून आणलेली.

आज तो दुपारीच गेला, घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं. जाताना म्हणाला, "रॉड उद्या आवळू. मी आल्यावर." बरं म्हटलं. पण रिकामं बसणं मला जमत नाही, आणि एवढ्याशा कामाला दोन माणसं कशाला? पहिली फेरी आटोपली, दुसरी सुरू केली. तिसऱ्या पिस्टनला पाना लावला आणि आईचा फोन आला, दिवस मावळायला वीस मिनिटं राहिली. मावळल्यावर आम्ही अन्न काय, पाणीसुद्धा घेत नाही, आणि माझ्या घशाला दुपारपासून कोरड पडलेली. पाना तिथंच ठेवला, हात धुतले आणि पळालो. प्राची ताट वाढून दारातच उभी होती.

आजची चूक: जेवताना घाईत आईला तोडून बोललो. बाकी काही आठवत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आठलाच गॅरेज उघडलं. चौथ्या पिस्टनपासून सुरू केलं आणि साडेआठला आठही नटांवर ठिपके लावून मोकळा झालो. नाथाजी नऊला मोदकांचा डबा घेऊन आला. वाकून बघत म्हणाला, "ठिपकं कुणी लावलं?"

"मी."

"आन् आकडा कुणी म्हटला?"

"मीच."

तो आणखी खाली वाकला. मग म्हणाला, "चेंबर लावायच्या आदी एकदा पाना फिरवून बघू?"

"मी काय काल कामाला लागलोय व्हय?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. तो म्हणाला, "न्हाई शेट, तसं न्हाई," आणि मुकाट्यानं चेंबर लावायला घेतला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी. ती बसली की खालचं सगळं झाकलं जातं.

आज मार्दवाचा दिवस, म्हणजे अहंकार सोडायचा. पंडितजी छान बोलले.

आजची चूक: नाथाजी जरा दुखावला असेल. पण त्याचाही स्वभाव शंकेखोर आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

काल लिहिलं नाही, दिवसभर काम होतं. वरचं हेड म्हणजे पिस्टनवरचं झाकण, डिझेल फवारणारे नोझल, पंपाचं टायमिंग हे सगळं नाथाजीचं खातं. तो ते पूजेला बसल्यासारखं करतो. आज संध्याकाळी चारला इंजिन चालू केलं. पहिल्याच झटक्यात घेतलं. मला इतका आनंद झाला की मी नाथाजीच्या पाठीत थाप मारली.

त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. खाली, वर, पुन्हा खाली. "कायतरी वाटलं," म्हणाला.

"कुठं?"

"आता न्हाई."

या माणसाला चांगलं झालेलं बघवत नाही असं कधीकधी वाटतं. उद्या सुभेदारांचा मुलगा विश्वजीत गाडी न्यायला येणार.

आजची चूक: वरचं वाक्य. पण खोडत नाही, पंडितजी म्हणाले होते की खोडायचं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

विश्वजीत गाडी घेऊन गेला. नाथाजीनं बॉनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि साताऱ्याला फोन लावला. "साहेब, गाडी निघाली. आता दहा वर्सं बघायला नगो. माझा शब्द." फोनवरसुद्धा हा माणूस टाचा जुळवून उभा राहतो. मला हसू आलं, पण बरंही वाटलं.

आजची चूक: काही नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी विश्वजीतचा फोन. "काका, चढाला लागली की ठक ठक वाजतंय." नवीन बांधलेलं इंजिन आहे, जरा चालू दे, बसेल, असं सांगितलं. दुपारी पुन्हा फोन. आता सपाटीलाही वाजतंय म्हणे.

नाथाजीला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. "मी जातो साताऱ्याला," म्हणाला. मी म्हणालो, तुमच्या घरच्या गौरींचं आज विसर्जन, तुम्ही कुठं जाता, मी जातो. खरं कारण वेगळं होतं. तो गेला असता तर तिथंच गाडीखाली आडवा होऊन साहेबांच्या अंगणात सगळं उघडून बसला असता. गॅरेजची शोभा झाली असती.

जेवण गेलं नाही. ताटावरून उठलो तर आई म्हणाली, "इंजन बिघडलंय, पोट न्हाई बिघडलेलं." पुन्हा बसलो.

३ सप्टेंबर, बुधवार

पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला गेलो. सुभेदारांचं घर गोडोलीत. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, अंगणात एक वाळकं पान नाही. विश्वजीतनं गाडी चालू केली. ठक ठक ठक ठक. रेस वाढवली की आवाजही वाढतो. तेलाचा लाल दिवा लुकलुकत होता, पण वायरिंग बावीस वर्षांचं आहे, त्याचं काय धरायचं?

सुभेदार हात मागं बांधून उभे होते. "कशाचा आवाज?"

"वरचा वाटतोय."

"वरचं काम कुणी केलं?"

"नाथाजीनं," मी म्हणालो.

खोटं बोललो नाही. वरचं काम त्यानंच केलंय. सुभेदारांनी मिशीवरून एकदा हात फिरवला आणि आत गेले. त्यांच्या सुनेनं चहा आणला. पर्वात मी बाहेरचं घेत नाही म्हणून हात जोडले.

गाडी ओढत आणायला दुसरी गाडी कशाला मागवायची, नोझल ठोकतंय, हळू चालवली की झालं, असा विचार करून मीच चालवत आणली. चाळीसच्या वर गेलो नाही. कराडपर्यंत आवाज ठकठक होता, इस्लामपूरनंतर धाडधाड व्हायला लागला. शेजारून जाणारे ट्रॅक्टरवाले वळून बघायचे. शेवटी शेवटी मी मोठ्यानं णमोकार मंत्र म्हणत होतो. त्यातला निम्मा इंजिनासाठीच होता.

आजची चूक: सुभेदारांच्या घरचा चहा नाकारला. त्यांना वाईट वाटलं असेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज परीक्षा केली. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नोझलचा डिझेलचा पाइप सैल करायचा. ज्याचा सैल केला तो पिस्टन बिनकामाचा फिरतो. आवाज दबला तर दुखणं तिथंच. पहिला सैल केला, फरक नाही. दुसरा, नाही. तिसरा केला आणि आवाज जवळजवळ गेलाच.

मी नाथाजीकडं बघितलं. "तिसरं नोझल. म्हटलं न्हवतं?"

"तिसरा पिस्टन म्हना," तो म्हणाला. "नोझल कशावरनं? त्येच्यावरचं वझं काढलं की खालचा ठोकाबी दबतोयच की."

नवीन नोझल आणलं, लावलं. आवाज होता तसा. मग टायमिंग तपासलं, बरोबर होतं. तरी मी ते सोडून पुन्हा बसवलं. आवाज होता तसा. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट पुन्हा जुळवले. नाथाजी प्रत्येक वेळी न बोलता सामान हातात देत होता, आणि ते न बोलणंच मला जास्त लागत होतं. शेवटी त्यानं पाना खाली ठेवला.

"शेट, चेंबर खोला."

"काय गरज न्हाई."

"का गरज न्हाई?"

"खालचं मी बांधलंय."

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "वरचं मी बांधलंय, तरी तीनदा खोललं की न्हाई?"

दुपारनंतर हातापायात नुसती तगमग. पाना इथं ठेवतोय आणि तिथं शोधतोय. घरी आल्यावर प्राचीवर ओरडलो, दप्तर जिन्यात ठेवलं म्हणून लेकीवरही ओरडलो.

आजची चूक: दोघींवर ओरडलो. नाथाजीशी बोलताना मात्र मी शांत होतो, हे इथं लिहून ठेवतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

हेड उतरवलं. नाथाजीनं गेल्या शनिवारी बसवलेलं हेड, त्याच्याच हातानं. मी बॅटरी घेऊन एकेक व्हॉल्व्ह बघितला. ओरखडा नाही, गळती नाही, काळा डाग नाही. इतकं स्वच्छ काम बघून मला खरं तर राग आला. काही सापडलं असतं तर सुटलो असतो.

अकराला नाथाजीचा फोन वाजला. तो उठून ताठ उभा राहिला. "व्हय साहेब. व्हय साहेब. न्हाई साहेब, गाडी दिली तवा असा आवाज न्हवता. व्हय साहेब." फोन खिशात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"तुमी सायबांच्यात माझं नाव घेतलं?"

"वरचं काम कुणी केलं म्हणून विचारलं. सांगितलं. काय खोटं सांगू?"

"खोटं न्हाई," तो म्हणाला. "सोळा वर्सं फौजेत ऱ्हायलो. सायबांनी माझ्या कामाला कवा बोट लावलं न्हवतं. आज लावलं."

हात धुतले. तो रोज डिझेलनं धुतो, मग साबणानं, तसेच धुतले. कामाचे कपडे उतरवून पिशवीत भरले. मी म्हणालो, "नाथाजी, पर्व चाललंय, मला राग आणू नका." तो पिशवी घेऊन निघून गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी गॅरेजात एकटा जेवलो.

आजची चूक: (इथं काय लिहावं ते सुचत नाही. तो स्वतःहून गेला.)

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. कडक उपवास, पाणीही नाही. गॅरेज बंद. बस्तीत बसलो तरी मन स्थिर नाही. बाहेर विसर्जनाच्या मिरवणुका, आणि ढोलाचा प्रत्येक ठोका मला तिसऱ्या पिस्टनचाच वाटतो. दुपारी घरात जिना चढतोय, उतरतोय. आई म्हणाली, "एका जागी बस की रं, माझी माळ चुकतीया."

प्राची भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, नोझल, टायमिंग, हेड, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आवं, मग आता खालचं राहिलं की."

"खालचं मी केलंय."

"व्हय, पण राहिलंय तेवढंच न्हवं?"

तिला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. मी वर गच्चीत जाऊन बसलो. राग तिचा आला नव्हता. कशाचा आला होता ते आत्ता लिहितानाही कळत नाही. घसा मात्र कोरडा पडलाय.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी पारणं करून कुणाला न सांगता गॅरेजला गेलो. तेल काढलं. तेलात बारीक चांदीसारखी चमक होती. चेंबर उतरवला आणि गाडीखाली आडवा झालो.

पहिल्याचे दोन्ही नट घट्ट. दुसऱ्याचे घट्ट. तिसऱ्याचा एक घट्ट. त्याच्या दुसऱ्या नटाला पाना लावायलाही लागला नाही, बोटानं फिरला. त्याच्यावर पिवळा ठिपका होता, माझ्या हातचा. बेअरिंगचा चुरा झालाय आणि क्रँकवर चरे पडलेत. साताऱ्याहून मीच ती चाळीसच्या वेगानं ठोकत आणली होती.

घरी येऊन ही वही उघडली. २८ तारीख: तिसऱ्याला पाना लावला आणि फोन आला. २९ तारीख: चौथ्यापासून सुरू केलं. सगळं मीच लिहून ठेवलं होतं, माझ्याच अक्षरात, आणि खाली काय, तर आजची चूक आईला तोडून बोललो!

अजून एक लिहायचं आहे. गाडीखालून बाहेर आलो तेव्हा पहिला विचार आला तो असा: नाथाजी आता येत नाही. क्रँक घासून आणायचा, नवीन बेअरिंग टाकायचं, बंद करायचं. सुभेदारांना सांगायचं, हेड दुरुस्त केलं. कुणाला कळणार? हा विचार आला आणि गेला असं झालं नाही. हात धुताना होता, शटर ओढताना होता, घरी येऊन जेवेपर्यंत होता. दहा दिवस पर्व पाळून मी हा असा आहे. लाज वाटते.

८ सप्टेंबर, सोमवार

आज क्षमावाणी. पर्व संपल्यावर सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. सकाळी सातलाच मोबाइलवर दोनशे बारा जणांना संदेश पाठवला. वर्षभरात कळत नकळत आपलं मन दुखावलं असल्यास, वगैरे, खाली हात जोडल्याचं चित्र. तो नाथाजीलाही गेला. त्यानं वाचलेला दिसला. उत्तर नाही.

बस्तीतून आल्यावर आईनं विचारलं, "नाथाजीची मागितलीस?"

"पाठवला की मेसेज."

"आन् माझी?"

"तुलाबी पाठवलाय, आई."

"मी हितं घरातच हाय की रं!"

प्राची हसली, मीही हसायला गेलो आणि जमलं नाही. तिथंच आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, नट, ठिपका, साताऱ्यात घेतलेलं नाव, आणि कालचा तो विचारसुद्धा. आईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मग बसलाईस कशाला?"

क्रँक काढून जोतीरामच्या लेथच्या दुकानात घासायला टाकला आणि मोटारसायकलवर कुंडल गाठलं. दारात नाथाजीची बायको बनुबाई होती. "त्ये साताऱ्याला गेल्यात सकाळच्या यष्टीनं. सायबांच्याकडं. माफी मागायला."

"कशाची माफी?"

"मला काय ठावं? इंजन बिघडलं म्हनं त्येंच्या हातनं. तीन दिस झालं, धड जेवलं न्हाईत."

पुढचे ऐंशी किलोमीटर मी कसे गेलो ते मला सांगता येणार नाही. गोडोलीत पोचलो तेव्हा सुभेदार पोर्चमध्ये खुर्चीवर होते आणि नाथाजी समोर उभा. बस म्हटलं असणार, पण तो बसला नव्हता. मला बघून त्यानं मान दुसरीकडं फिरवली.

मी चपला काढल्या आणि पायरीवरूनच बोलायला लागलो. "साहेब, नाथाजीचं काम चोख होतं. मी वरचं सगळं उघडून बघितलं, काही चुकलेलं नाही. तिसऱ्या रॉडचा नट आवळायचा मी विसरलो. न आवळता ठिपका मीच लावला. तो तपासू म्हणाला होता, मी तपासू दिलं नाही. आणि काही बघायच्या आधी इथं येऊन तुमच्यासमोर त्याचं नाव सांगितलं."

सुभेदार नाथाजीकडं वळले. "मग तू मघापासून माफी कशाची मागतोयस?"

"काम माझ्या शब्दावर दिलं हुतं तुमी, साहेब."

"ह्येचं चुकलंय, त्ये तुला ठावं हुतं?"

"वाटत हुतं. पर खोलून बघितल्याबिगर कुणाचं नाव कसं घेऊ?"

तो हे माझ्याकडं न बघता बोलला. मला रडू आलं. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, दोन लेकरांचा बाप आहे, आणि परक्याच्या पोर्चमध्ये उभा राहून रडलो. विश्वजीत पाणी घेऊन आला आणि मला बघून परत आत गेला. सुभेदारांनी उठून नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "शुक्रवारी फोनवर बोललो त्ये माझं चुकलं, नाथाजी," म्हणाले. असं म्हणायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही.

फाटकाबाहेर आल्यावर मी हात जोडले. "नाथाजी, मला क्षमा करा."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "आज तुमचा सणच हाय माफीचा. आज समद्यांचीच मागताय. मलाबी सकाळी आलीया मोबाइलवर." मग जरा थांबून म्हणाला, "मागायची असंल तर उद्या मागा."

माझ्या गाडीवर बसा म्हटलं, तर यष्टीनं जातो म्हणाला.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे साडेपाचला निघालो. वाटेत चाळीस किलोमीटर वाक्यं जुळवली, चांगली जुळली होती. कुंडलात त्याच्या दारात पोचलो तर तो फडक्यानं गाडी पुसत होता, आणि माझी सगळी वाक्यं गेली.

"माझ्यामुळं तुमाला साहेबांच्या दारात हात जोडायला लागलं," मी म्हणालो. "मी चुकलो, नाथाजी. मला माफ करा."

त्यानं फडकं खाली ठेवलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"व्हय," म्हणाला. "लय जड गेलं मला त्ये."

बनुबाईंनी चहा आणला, दोघांनी उभ्याउभ्याच घेतला. कप परत देऊन त्यानं हेल्मेट उचललं.

"क्रँक कवा मिळनार?"

"दुपारी."

"मग चला की."

तो पुढं, मी मागं. एकदाही वळून बघितलं नाही त्यानं. तासगावात भाजीच्या क्रेटांचे दोन ट्रॅक्टर मध्ये घुसले आणि मी मागं पडलो. पुढं रस्ता मोकळा झाला तरी तो दिसेना. म्हटलं, गेला निघून. स्टँड ओलांडून वळलो तर रस्त्याच्या कडेला गाडी चालूच ठेवून, एक पाय खाली टेकवून तो थांबला होता. मी जवळ आल्यावर त्यानं गिअर टाकला.